इंग्रजीच्या सरावाला खर्च किती? शांघायच्या शेजारणीसोबत मांडलेला हिशेब

शांघायमध्ये आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब पाहतात. बोलण्यापुरतं इंग्रजी येतं, पण परदेशी गिऱ्हाइकाचं पत्र वाचायचं आणि उत्तर लिहायचं म्हटलं की अडतात. त्यासाठी त्यांनी एका क्लासला साडेचोवीस हजार युआन एकरकमी भरले. युआनचे बारा रुपये धरले तर जवळजवळ तीन लाख. सात महिन्यांनी क्लासच्या दाराला कुलूप लागलं. पैसे क्लासनेच मिळवून दिलेल्या कर्जातून भरलेले होते, त्यामुळे शिकवणं थांबलं तरी हप्ते चालूच राहिले.

मग आम्ही दोघींनी चहा घेत कोऱ्या कागदावर नव्याने हिशेब मांडला. चीनमध्ये, सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला चिनी सहकारी किंवा शेजारी इंग्रजीवर किती खर्च करावा हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच, म्हणून हा हिशेब इथे देते.

आधी त्यांची वही पाहिली. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम’ असं वाक्य होतं आणि आलेली व्यक्ती होती त्यांची बहीण. चिनी भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींचा उच्चार एकच, ‘था’. लिहिताना अक्षर वेगळं, कानाला फरक नाही. ‘ऑल्दो’च्या मागोमाग येणारा ‘बट’ तर मला घरचाच वाटला. आपण ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ म्हणतोच, चिनीतही तशीच जोडी लागते. इंग्रजीला मात्र दोघांपैकी एकच चालतो. ‘अ’ आणि ‘द’ आपल्याकडेही नाहीत. क्रियापदाचा काळ मात्र आपण बदलतो. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, ‘काल’ हा शब्द घातला की बरंचसं काम भागतं. म्हणून त्यांच्या वहीत ‘यस्टरडे आय गो’ पानोपानी सापडलं.

अशा चुका मोजक्या आणि ठरावीक असतात, त्यामुळे व्याकरणाला महागडा क्लास लागत नाही. रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ घ्या. पाचव्या आवृत्तीत 145 धडे आहेत, डाव्या पानावर नियम आणि उजव्या पानावर सराव. आठवड्याला पाच धडे केले तर सात महिन्यांत पुस्तक संपतं. घेताना मागे उत्तरं असलेली प्रतच घ्या, एकट्याने शिकणाऱ्याला तिच्याशिवाय इलाज नाही. शंभर युआनच्या आसपास पैसे जातील, श्येनयू या जुन्या वस्तूंच्या ॲपवर त्याहून कमी. नियम चिनीतून समजून घ्यायचा असेल तर बिलिबिलीवर व्याकरणाचे भरपूर पाठ फुकट आहेत. यूट्यूब मुख्य भूमी चीनमध्ये उघडत नाही, तेव्हा त्याची शिफारस करू नका.

शब्दसंग्रहावर लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. चीनमधल्या विद्यार्थ्यांना ‘अबँडन’ हा शब्द पाठ असतो, कारण वर्णक्रमाने लावलेल्या शब्दांच्या पुस्तकात तो अगदी सुरुवातीला येतो आणि पुष्कळांचं पाठांतर तिथेच सुटतं. यादी पाठ करू नका. बाईंना ‘ओपन’ हा शब्द येत होता, तरी त्या ‘ओपन द लाइट’ म्हणायच्या, कारण चिनीत दार आणि दिवा दोन्ही ‘खाय’ करतात. शब्द वाक्यासकट वहीत उतरवला तरच ही खोड जाते. उजळणीसाठी आंकी हे साधन संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. आयफोनवर एकदाच 24.99 डॉलर पडतात. बायत्सझान, शानबे यांसारख्या चिनी ॲपचीही मूळ सोय फुकट आहे. वर्षाची वर्गणी भरायची घाई नको. तीन महिने रोज उघडलं गेलं तर मग बघा.

वाचनावर मात्र वेळ घाला. इंग्रजी वाचताना चिनी माणूस अडतो तो बहुधा नामाच्या मागे लोंबणाऱ्या उपवाक्यांपाशी. ‘काल आलेला माणूस’ असं आपण म्हणतो तसं चिनीतही विशेषण कितीही लांब असलं तरी नामाच्या आधी येतं. इंग्रजीत माणूस आधी भेटतो आणि तो कोण हे नंतर कळतं. ही सवय लागायला सोपी पानं पुष्कळ वाचावी लागतात. ऑक्सफर्डची ‘बुकवर्म्स’ मालिका त्यासाठीच आहे. पहिल्या पायरीला 400 मूळ शब्द, सहाव्या पायरीला 2500. चीनमध्ये ती ‘शूछोंग’ नावाने इंग्रजी-चिनी अशी द्विभाषी मिळते. जुना संच घेतला तर पन्नास-साठ युआनमध्ये काम होतं. भाषांतर कागदाने झाकायचं आणि पान संपल्यावरच उघडायचं. बाई पहिल्या आठवड्यात दर ओळीला कागद सरकवत होत्या. आता पानाअखेरीला एकदाच सरकवतात.

आकलनाचा कस पाहायला सीईटी-4च्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. चीनमधल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची ही इंग्रजीची परीक्षा 1987 साली सुरू झाली. 710 पैकी 35 टक्के गुण वाचनाला असतात. पंधरा शब्दांतून निवडून दहा रिकाम्या जागा भरायच्या, लांब उताऱ्यातला परिच्छेद ओळखायचा, दोन उतारे बारकाईने वाचायचे. नोकरदाराला परीक्षेला बसता येत नाही, पण सराव करायला कोण अडवतंय? आयेल्टस या इंग्रजीच्या परीक्षेचं शुल्क मात्र चीनमध्ये दोन हजार युआनच्या वर जातं. प्रवेश किंवा व्हिसा यासाठी कुणी मागितल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.

खरे पैसे द्यावेत ते चुका तपासून देणाऱ्या माणसाला. इंग्रजीचा पदवीधर विद्यार्थी तासाला साधारण शंभर-दीडशे युआन घेतो. पंधरा-वीस दिवसांतून एक तास पुरे. त्याच्याकडून धडे घेऊ नका, आपली वही तपासून घ्या.

तरीही क्लासच हवा असेल तर एकावेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त पैसे भरू नका. शाळकरी मुलांच्या क्लासना त्याहून जास्त फी एकदम घ्यायला 2018 पासून सरकारी मनाई आहे. मोठ्यांनी हीच अट स्वतःसाठी घालून घ्यावी. परताव्याचं कलम लेखी मागा, आणि कर्जाचा अर्ज क्लासच्याच टेबलावर पुढे आला तर उठून या.

बाईंचा नवा हिशेब असा: व्याकरणाचं पुस्तक 80 युआन, गोष्टींची जुनी पुस्तकं 60, तपासणीचे वर्षभरात वीस तास, दर तासाला 120 प्रमाणे 2400. एकूण 2540 युआन. क्लासला भरलेल्या रकमेचा साधारण दहावा हिस्सा.