नुकसानीचें माप कोणाच्या हातीं ?

विमा उतरविला आणि हप्ता वेळेवर भरला म्हणजे आपलें काम संपलें, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत असते. वास्तविक विम्याचें खरें काम आग लागल्यावर अगर वादळ होऊन गेल्यावर सुरू होतें. नुकसान झालें हें कोणासही दिसतें; तें किती झालें हें मात्र ठरवावें लागतें, आणि तो आंकडा कोण ठरवितो यावर शेतकऱ्याच्या पदरीं काय पडणार तें अवलंबून असतें. अमेरिकेंत या कामीं विमेदाराच्या बाजूनें उभा राहणारा एक स्वतंत्र धंदाच निर्माण झाला आहे. त्यास तेथें 'पब्लिक अॅडजस्टर' म्हणतात. त्याची रीत समजून घेणें आमच्या सभासदांस उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून हा लेख देत आहों. येथें पिकाच्या विम्याचा विचार केलेला नाहीं; इमारती, औजारें व वखारींतील माल यांपुरतेंच आमचें म्हणणें आहे.

नुकसान पाहावयास येणारे अॅडजस्टर अमेरिकेंत तीन प्रकारचे असतात. पहिला विमा कंपनीचा पगारी नोकर. दुसरा 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र, या नांवानें ओळखला जातो; परंतु हें नांव फसवें आहे. तो कंपनीचा नोकर नसला तरी कंपनीच त्यास नेमते व कंपनीच त्याची फी देते. तिसरा पब्लिक अॅडजस्टर. यास विमेदार नेमतो, फीही विमेदारच देतो. बहुतेक राज्यांत त्यास राज्याच्या विमा खात्याकडून परवाना घ्यावा लागतो. या धंदेवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९५१ सालीं स्थापन झाली. पहिल्या दोघांस अप्रामाणिक म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु बाजारांत मापाडी कोणाचा आहे हें पाहिल्यावांचून आपण गाडींतील पोतीं खालीं उतरूं देत नाहीं. मग जळालेल्या वखारीचें माप होतांना ती चौकशी कां करूं नये?

ता. १० ऑक्टोबर २०१८ रोजीं 'मायकेल' नांवाचें चक्रीवादळ फ्लॉरिडा राज्याच्या वायव्य किनाऱ्यावर मेक्सिको बीच या गांवाजवळ आदळलें व भुईमूग-कापसाच्या मुलखांतून जॉर्जियांत शिरलें. वेचणीस आलेला कापूस गळाला, पेकनचीं जुनीं झाडें मुळासकट उपटलीं गेलीं, शेतांवरील इमारतींचीं छपरें उडालीं. अशा प्रसंगीं कंपनीच्या माणसास एका दिवसांत अनेक जागा पाहावयाच्या असतात. समजा, त्यानें एका शेतकऱ्याची वखार पाहिली, उडालेले पत्रे मोजले आणि आंकडा टिपून तो पुढें गेला. छपराच्या कैच्या पिळवटल्या आहेत काय, भिंत पायापासून सरकली आहे काय, विजेच्या नळ्यांत पाणी शिरलें आहे काय, हें पाहण्यास शिडी लावून वर चढावें लागतें. तितकी सवड त्यास कोठून असणार?

पब्लिक अॅडजस्टर प्रथम वखार पाहत नाहीं. प्रथम विम्याचा करारनामा वाचतो. कोणत्या संकटांचा विमा आहे, आरंभींची किती रक्कम विमेदारानें स्वतः सोसावयाची आहे, ढिगारा उपसण्याचा खर्च मिळतो काय, हें तो टिपून घेतो. वादळांत तर एका प्रश्नावर सारें अडतें : पाणी वरून आलें कीं खालून ? वाऱ्यानें छप्पर फाटून त्या वाटेनें आलेल्या पावसाचें नुकसान सामान्यतः भरून मिळतें. जमिनीवरून चढलेल्या पुराचें मिळत नाहीं, त्यासाठीं निराळा विमा लागतो. म्हणून भिंतीवरील ओलीच्या रेघा पुसल्या जाण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें घेणें, हें त्याचें पहिलें काम. नंतर तो प्रत्येक कैची, प्रत्येक पत्रा, भिजलेलें प्रत्येक पोतें यांची यादी करतो, स्थानिक कारागिराच्या दरानें खर्च मांडतो आणि शपथपूर्वक सही करावयाचें नुकसानीचें निवेदन तयार करतो. न्यूयॉर्क राज्याच्या १९४३ सालच्या नमुना आग-करारनाम्यांत हें निवेदन साठ दिवसांच्या आंत देण्याची अट आहे. खराब व चांगला माल वेगळा करून ठेवणें आणि शिल्लक मालास पुढील नुकसानीपासून जपणें, हेंही विमेदारावर बंधन आहे. घाबरलेला शेतकरी नेमका येथें चुकतो. तो सर्व ढिगारा एका दिवसांत जाळून जागा स्वच्छ करतो, आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

घसाऱ्याचा हिशेब हा दुसरा कठीण भाग. नवें छप्पर घालण्यास ३०,००० डॉलर लागतात आणि जुन्याचें निम्में आयुष्य सरलें होतें, असें धरूं. करारनामा चालू किंमतीचा असेल, तर १५,००० डॉलरच मिळतील. तो नव्या किंमतीचा असेल, तर पुष्कळदां आधीं १५,००० मिळतात व उरलेले दुरुस्ती पुरी करून बिलें दाखविल्यावर मिळतात. ही दुसरी रक्कम मागावयाचीच कित्येकांच्या हातून राहून जाते. छपराचें किती आयुष्य सरलें, याविषयींही दोन जाणत्यांचीं दोन मतें होऊं शकतात; तेथें मात्र आपल्या बाजूचा जाणता माणूस हवा.

जें विकतच घेतलें नाहीं, तें मात्र त्यासही मिळवून देतां येत नाहीं. इमारत एक लाख डॉलरची असून ऐंशी टक्क्यांचा विमा ठेवण्याची अट असतां मालकानें हप्ता वांचविण्यासाठीं ६०,००० चाच उतरविला, तर २०,००० च्या नुकसानीस पाऊण हिस्सा, म्हणजे १५,०००, इतकेंच येणें निघतें. तेथें कितीही हुशार अॅडजस्टर नेमला तरी व्यर्थ.

आंकड्यावर एकमत न झालें तर वरील नमुन्यांत पंचांची सोय आहे. दोन्ही पक्षांनीं एकेक जाणता व निःपक्षपाती पंच निवडावा, त्या दोघांनीं सरपंच निवडावा, आणि तिघांपैकीं दोघांची सही झाली कीं रक्कम ठरली. आमच्या मतें ही सोय कोर्टापेक्षां पुष्कळ स्वस्त व शेतकऱ्यास समजण्यासारखी आहे.

या धंद्यांत ठकही शिरतात. वादळ ओसरतें न ओसरतें तोंच दारोदार फिरून सह्या घेणारे लोक तेथेंही आहेत. म्हणून फ्लॉरिडांत रविवारीं, तसेंच रात्रीं आठ ते सकाळीं आठ या वेळांत, गिऱ्हाईक शोधण्यास मनाई केली आहे. राज्यपालानें आणीबाणी जाहीर केलेल्या संकटाच्या पहिल्या वर्षांतील दाव्यांवर शेंकडा दहा, एरव्हीं शेंकडा वीस, यापेक्षां अधिक फी घेतां येत नाहीं. टेक्सासमध्यें मर्यादा शेंकडा दहाची आहे. फी कोणत्या रकमेवर, हेंही सही करण्यापूर्वीं पाहावें. कंपनी आधींच ४०,००० डॉलर देऊं करीत असतां अॅडजस्टरनें खटपट करून ४४,००० मिळविले आणि सबंध रकमेवर दहा टक्के घेतले, तर मालकाच्या हातीं ३९,६०० राहतात. म्हणजे खटपटीनें चारशें डॉलरचा तोटा! लहान व स्पष्ट नुकसानींत त्यास न बोलावणेंच बरें. मोठी इमारत, मिश्र कारणें आणि किचकट करारनामा असेल, तेथेंच त्याची फी वसूल होते.

आपल्याकडे नुकसान मोजणारा सर्व्हेअर परवानाधारक असतो व १९३८ च्या विमा कायद्यान्वयें त्याचें काम चालतें. परंतु त्यास नेमते विमा कंपनीच. त्यानें निःपक्षपातीपणें मोजावें अशी अपेक्षा आहे आणि अनेक सर्व्हेअर तसें मोजतातही. तथापि त्याचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं स्पष्ट केलें आहे. विमेदाराच्या बाजूचा परवानाधारक अॅडजस्टर येथें नसल्यामुळें त्याचें काम कुक्कुटपालनाची शेड, शीतगृह किंवा बेदाण्याची वखार चालविणाऱ्या सभासदानें स्वतःच अंगावर घेतलें पाहिजे. कंपनीस त्याच दिवशीं लेखी वर्दी द्यावी व पोंच घ्यावी. आग असल्यास अग्निशामक दलाचा व पोलिसांचा कागद मिळवावा. सर्व्हेअर येईपर्यंत ढिगारा हलवूं नये. हलविणें भागच असेल तर आधीं छायाचित्रें घ्यावीं. तो येईल त्या दिवशीं घरचा जाणता माणूस व गांवचा सुतार अगर गवंडी बरोबर असावा, आणि त्यास दाखविलेल्या प्रत्येक वस्तूची यादी आपल्यापाशींही असावी. अहवालाची प्रत लेखी मागावी. आंकडा पटला नाहीं तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्यांत उत्तर न आल्यास किंवा उत्तरानें समाधान न झाल्यास वैयक्तिक विमेदारास विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें फी नाहीं व वकीलही लागत नाहीं. महाराष्ट्रांत मुंबई व पुणें येथें हीं कार्यालयें आहेत.

आणखी एक गोष्ट, जी दिसावयास क्षुल्लक आहे. पत्र्याचीं, यंत्रांचीं व विकत आणलेल्या मालाचीं बिलें बहुतेक ठिकाणीं वखारींतल्याच कपाटांत ठेवलेलीं असतात, आणि आग लागली म्हणजे वखारीबरोबर तींही जळतात. त्यांची एकेक नक्कल राहत्या घरीं, व राहतें घर वखारीस लागूनच असेल तर दुसऱ्या गांवीं एखाद्या सोयऱ्याकडे, आजच ठेवावी.