विजयदुर्गाची गोदी आणि मराठ्यांचे आरमार

घाटावरील शाळांतील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यामुळे ‘आरमार’ हा त्यांच्या दृष्टीने पाठ करावयाचा एक शब्दच राहतो. विजयदुर्गाच्या पाठाचा आरंभ म्हणूनच लढाईने न करता गोदीने करावा.

वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेला विजयदुर्ग शिवाजी महाराजांनी १६५३ च्या सुमारास आदिलशाहीकडून घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झाला. खाडीच्या आतील बाजूस गिर्ये येथे, काही भाग खडकात खोदून व काही भाग दगडांनी बांधून केलेली सुमारे ३५० फूट लांबीची गोदी आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यावयाचे व ओहोटीने तळ उघडा पडला की डागडुजी करावयाची, अशी तेथील रीत. शिक्षकांनी परातीत ओल्या मातीची गोदी करून, पाणी घालून व काढून ही क्रिया कागदी होडीने प्रत्यक्ष दाखवावी.

यानंतर १७५६ सालाकडे वळावे. तुळाजी आंग्रे पेशव्यांची सत्ता मानीत नव्हते. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये जमिनीवरून पेशव्यांची फौज व समुद्रातून वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर चालून आले. तोफांच्या माऱ्याने एका जहाजास आग लागली. ती पसरत जाऊन आंग्र्यांचे आरमार जळून गेले. त्याच वर्षी पुण्यास झालेल्या तहाने किल्ला पेशव्यांस मिळाला व त्याच्या मोबदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेले. पुढे आनंदराव धुळप यांनी पेशव्यांचे आरमार येथूनच चालविले. तथापि १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

इकडे मुंबईत मात्र लवजी नसरवानजी वाडिया यांच्या काळात १७५० मध्येच कोरडी गोदी तयार झाली होती. वाडिया घराण्याने सागवानी लाकडाचे बांधलेले, १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे. जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन हे तर आरमारासाठीच वसविलेले नगर. त्याची जागा प्रशियाने १८५३ मध्ये घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील आरमारी कारखाना उद्ध्वस्त करण्यात आला, तरी १९५६ पासून तेथे पुन्हा आरमार उभे राहिले.

१७५६ चा प्रसंग शिक्षकांनी झाकून ठेवू नये, तसेच कोणा एकाच्या माथी सर्व दोष मारून मोकळेही होऊ नये. पेशव्यांपुढील अडचण खरी होती. जळालेली जहाजेही खरी होती. घरचे भांडण मिटविण्यासाठी परक्याचे बळ आणले, तर त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

स्वाध्याय : (१) गोदीस भरती-ओहोटीचा उपयोग कसा होतो? (२) जहाज बांधण्यास कोणकोणते कारागीर लागत असतील? गावातील सुताराला व लोहाराला विचारून यादी करा.