चालकांनो, लघवी तुंबवू नका

मुंबईत ॲपवर टॅक्सी चालवणारा एक पस्तिशीचा तरुण सुट्टीला गावी आला आणि त्याच रात्री पाठीतून जांघेकडे जाणाऱ्या कळांनी लोळू लागला. तपासणीत मूतखडा निघाला. दिवसाला पाणी किती पिता, असे विचारता तो म्हणाला, "डॉक्टर, पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते. थांबवली की भाडं जातं."

या धंद्याचे खरे दुखणे हेच. भाडे काही सेकंदांत स्वीकारावे लागते, ठरलेल्या फेऱ्या झाल्या तरच जादा पैसे मिळतात आणि डोक्यावर गाडीचा हप्ता असतो. चालकाने दिवसात १२ तासांहून अधिक काळ ॲपवर राहू नये व नंतर १० तास विश्रांती घ्यावी, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. पण त्या १२ तासांत शरीराचे काय होते?

पाणी कमी पडले, त्यात घाम गेला, की मूत्रपिंडे लघवी घट्ट करतात. तिच्यातील कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल यांचे स्फटिक जमून खडा बनतो. लघवी वारंवार दाबून धरल्यास मूत्राशयातील जंतूंना वाढायला वेळ मिळतो. मधुमेह असल्यास धोका अधिक.

यासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

१) दिवसभरात अडीच ते तीन लिटर पाणी थोडे थोडे प्यावे. लघवी फिकट पिवळी असावी.

२) दर तीन तासांनी लघवीला जावे. पेट्रोल पंपांवर ही सोय असते. दोन भाड्यांच्या मध्ये पाच मिनिटे ॲप बंद ठेवावे.

३) चहा हा पाण्याला पर्याय नव्हे. लिंबूपाणी चांगले, पण मीठ बेताचे. खड्याच्या भीतीने दूध सोडू नये.

४) कंबर दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेऊ नयेत. पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडांना घातक ठरतात.

लघवीतून रक्त गेल्यास डॉक्टरांना दाखवावे. कळांबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

त्या तरुणाचा खडा पाडण्यात आठ दिवस गेले. तेवढे दिवस गाडी उभीच होती. पाच मिनिटांचे भाडे वाचवताना आठवड्याची कमाई गेली, हा हिशेब प्रत्येक चालकाने व त्याच्या घरच्यांनी लक्षात ठेवावा.