रामशास्त्र्यांचा निवाडा

शहापूर-मुरबाडच्या मुलांना माहुली म्हटले की आसनगावनजीकचा, उंच सुळक्यांचा किल्ला डोळ्यांसमोर उभा राहतो. महाराष्ट्रात दुसरीही एक माहुली आहे. साताऱ्याजवळ, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर वसलेली ही माहुली न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव होय. काशीस विद्याध्ययन करून आलेले हे शास्त्री पेशव्यांच्या दरबारी न्यायाचे काम पाहत. त्यांची राहणी साधी होती आणि न्याय करताना ते कोणाचीही भीड धरीत नसत.

1772 साली थोरले माधवराव निवर्तले व त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. पुढल्याच वर्षी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, गारदी शिपायांनी शनिवारवाड्यात शिरून त्यांचा वध केला. नारायणराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. प्राण वाचविण्यासाठी त्यांनी चुलते रघुनाथराव यांच्याकडे धाव घेतली, पण व्यर्थ! पुढे रघुनाथरावच पेशवे झाले. गारद्यांना दिलेल्या हुकुमात ‘धरावे’ असे होते, त्यातील ‘ध’चा आनंदीबाईंनी ‘मा’ केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली, तरी पुतण्यास धरण्याचा हुकूम कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

रामशास्त्र्यांनी चौकशी आरंभिली. ज्याची चौकशी करावयाची तोच राज्याचा कारभारी आणि चौकशी करणारा त्याचा चाकर, असा हा विलक्षण प्रसंग होता. तरी शास्त्री डगमगले नाहीत. त्यांनी रघुनाथरावांस दोषी ठरविले आणि या पापास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असे त्यांस तोंडावर सांगितले. नंतर अधिकार सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले.

निवाडा झाला, पण तो अमलात कोणी आणावा? बारभाईंनी रघुनाथरावांस पदच्युत केले आणि 1774 साली जन्मलेल्या नारायणरावांच्या मुलास पेशवेपद दिले. रघुनाथराव मात्र हाती लागले नाहीत. ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. 1775 च्या सुरतेच्या तहात मदतीच्या मोबदल्यात त्यांनी साष्टी व वसई देऊ केली. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी 1774 च्या अखेरीसच घेतला होता. पुढे कित्येक वर्षे युद्ध चालले. 1782 च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ठाणे शहर साष्टी बेटावरच वसलेले आहे. शहापूर-मुरबाडचे लोक आज ज्या शहरास जिल्ह्याच्या कचेरीत जातात, ते शहर असे गेले! रघुनाथराव शिक्षेवाचून 1783 साली कोपरगावी वारले. रामशास्त्र्यांना बारभाईंनी सन्मानाने परत बोलाविले होते.

पेशवा म्हणजे छत्रपतींचा मुख्य प्रधान. आज देशाच्या प्रधानाकडून गुन्हा घडल्यास काय होईल? राज्यघटनेच्या 361 व्या कलमान्वये राष्ट्रपती व राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालविता येत नाही. राज्याच्या सर्वोच्च पदाचे काम खटल्यांनी अडू नये, हा त्यातील हेतू आहे, आणि तो समंजस आहे; कारण पद सुटताच हे संरक्षणही सुटते. पंतप्रधान, मुख्यमंत्री व मंत्री यांना घटनेने ते पदावर असतानाही दिलेले नाही. म्हणजे पेशवेपदावर बसलेल्या रघुनाथरावांवर आजच्या कायद्याने खटला भरता आला असता.

1975 साली, आणीबाणीच्या काळात, हे कलम बदलण्याचा प्रयत्न झाला. राष्ट्रपती, राज्यपाल यांच्याबरोबर पंतप्रधानांनाही फौजदारी खटल्यांपासून जन्मभर मुक्त करणारे विधेयक राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत मात्र ते कधीच संमत झाले नाही.