हौशी रेडिओचा संच बदलताना

आमच्या कॉलेजच्या हौशी रेडिओ केंद्रावर एका संध्याकाळी आपत्कालीन संदेशांचा सराव चालू होता. दुसऱ्या गावचे केंद्र औषधांची यादी सांगत होते आणि आमचा एक विद्यार्थी ती उतरवून घेत होता. पहिली तीन नावे नीट आली. मग बोलणाऱ्याचा आवाज हळूहळू चिरका होत गेला. आकडा ‘पन्नास’ की ‘पंचावन्न’ हे काही केल्या कळेना. विद्यार्थ्याने बटण किंचित फिरवताच आवाज सुधारला, पण तोवर दोन ओळी निसटल्या होत्या. सराव होता म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी मुले म्हणाली, “सर, हा संच आता बदलू या.”

मागणी वावगी नव्हती. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हौशी रेडिओचालकांनी आपल्या संचांवरून निरोप पोचवले होते. अशा वेळी एक आकडा चुकला तरी महागात पडतो. पण संच बदलण्यापूर्वी जुन्यात नेमके काय उणे आहे आणि नव्याने नेमके काय साधेल, हे समजून घ्यायला हवे. विद्यार्थी मित्रांनो, हा विचार आपण क्रमाने करू.

जुना संच

परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेली व्यक्ती ठरावीक कंप्रतांवर स्वतःचे रेडिओ केंद्र चालवू शकते. हा झाला हौशी रेडिओ. त्यासाठीच्या संचात प्रक्षेपक आणि ग्राही एकाच पेटीत असतात, म्हणून त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. हैदराबादचे अशहर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘बिटेक्स’ नावाचा असा एक संच तयार केला. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून तो घरी बांधता येतो. आमचा संच त्याच धर्तीचा, विद्यार्थ्यांनी जोडलेला, ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सुमारे ६ वॅट शक्ती देणारा आहे.

तो ‘एकपार्श्वपट्ट’ पद्धतीने चालतो. साध्या आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात एक वाहक लहर आणि तिच्या दोन बाजूंना एकेक पार्श्वपट्ट असतो. वाहक लहर १०० वॅटची असेल आणि तिच्यावर एकाच सुराचे पूर्ण आरोपण केले, तर प्रत्येक पार्श्वपट्टात २५ वॅट जातात. म्हणजे एकूण १५० वॅट खर्ची पडतात, पण बोलणे मात्र प्रत्येक पार्श्वपट्टात सारखेच असते! म्हणून वाहक लहर आणि एक पार्श्वपट्ट गाळून उरलेला एकच पाठवायचा. शक्ती वाचते आणि ६ किलोहर्ट्झऐवजी ३ किलोहर्ट्झ जागा पुरते.

आवाज चिरका का झाला?

या काटकसरीची एक किंमत आहे. पाठवताना गाळलेली वाहक लहर ग्राहीने स्वतःच पुन्हा पुरवावी लागते, आणि तीही अचूक कंप्रतेची. ती ३०० हर्ट्झने चुकली तर बोलण्यातील प्रत्येक सूर ३०० हर्ट्झने सरकतो. आवाजात ५००, १००० आणि १५०० हर्ट्झचे सूर असतील, तर ते ८००, १३०० आणि १८०० असे ऐकू येतील. पेटीवर गाणे वरच्या पट्टीत वाजवले तरी ओळखू येते, कारण तेथे सुरांची गुणोत्तरे तीच राहतात. येथे मात्र १ : २ : ३ हे गुणोत्तरच मोडते, आणि आवाज माणसाचा वाटेनासा होतो.

मग आमच्या संचात चूक कोठून आली? त्यातील आंदोलक वेटोळे आणि धारित्र यांचा बनलेला आहे. त्याची कंप्रता वेटोळ्याचे प्रवर्तन आणि धारित्राची धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. म्हणून धारिता ०.०२ टक्क्यांनी वाढली, तर कंप्रता ०.०१ टक्क्यांनी घटते. आमचा आंदोलक २.९ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याचे ०.०१ टक्के म्हणजे २९० हर्ट्झ! संच तापला, धारित्र किंचित बदलले आणि आवाज चिरका झाला.

नव्या संचात काय असते?

नव्या संचातही आंदोलक असतोच. पण त्याची कंप्रता क्वार्ट्झच्या स्फटिकावर बेतलेली असते, आणि तापमानामुळे होणारा फरक भरून काढण्याची सोयही त्यात असते. चांगल्या संचात चूक दहा लाखांत अर्ध्या भागाहून कमी राहते. ७.१ मेगाहर्ट्झवर ही चूक साडेतीन हर्ट्झच्या आसपास होते. कानाला ती कळतही नाही.

दुसरा बदल याहून मूलगामी आहे. २०१६ साली बाजारात आलेल्या आयकॉम कंपनीच्या आयसी-७३०० या संचात अँटेनाकडून येणाऱ्या लहरीची सेकंदाला सुमारे १२ कोटी ४० लाख वेळा मोजणी होते आणि तिचे आकडे बनतात. लघुलहरींची मर्यादा ३० मेगाहर्ट्झ आहे. लहर आकड्यांत नीट टिपायची, तर तिच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. येथे ती अट सहज पुरी होते. पुढची सारी निवड गणिताने होते. जुन्या संचात स्फटिकांच्या गाळणीची रुंदी एकदा ठरली की ठरली. येथे ती बटणाने कमी-जास्त करता येते, आणि पट्ट्यावर कोण कोठे बोलत आहे हे पडद्यावर दिसते.

२०१७ पासून वापरात असलेल्या ‘एफटी-८’ या संदेशपद्धतीलाही अशी स्थिरता हवी. तिच्या जनकांपैकी एक आहेत ज्यो टेलर, ज्यांना १९९३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या पद्धतीत एक संदेश १५ सेकंदांच्या खंडात, जेमतेम ५० हर्ट्झ रुंदीत जातो. त्यातील शेजारच्या सुरांत अंतर असते फक्त ६.२५ हर्ट्झ. शेकडो हर्ट्झने सरकणाऱ्या संचाचे येथे काम नाही.

जे बदलत नाही

आता दुसरी बाजू. नवा संच १०० वॅट देतो, म्हणजे आमच्या संचाच्या सुमारे १७ पट. पण ऐकणाऱ्याच्या ग्राहीवरील काटा त्यामुळे दोनच अंश वर चढतो, कारण एका अंशाला चौपट शक्ती लागते. आयनांबरही आपल्या नियमानेच चालते. दुपारी त्याचा खालचा थर ७ मेगाहर्ट्झच्या लहरी शोषतो आणि रात्री त्याच लहरी दूरवर जातात. अँटेनाचेही तसेच. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर, तेव्हा अर्धतरंग अँटेना प्रत्यक्षात सुमारे २० मीटर हवी. ती आखूड असेल किंवा जमिनीलगत लोंबत असेल, तर महागडा संचही तिची उणीव पुरती भरून काढू शकत नाही.

विजेचाही हिशेब हवा. १०० वॅटचा संच प्रक्षेपण करताना १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. ६ वॅटचा संच लहान बॅटरीवर तासन्‌तास चालतो. वादळात वीज गेली, तर हा फरक मोठा ठरतो.

आम्ही काय केले?

आधी अँटेना नीट मापाची करून उंच बांधली. मग जुन्या संचाचे वेटोळे-धारित्र काढून त्या जागी स्फटिकावर चालणारा छोटा कंप्रताजनक बसवला. त्याला खर्च थोडाच आला. पुढच्या सरावात सबंध यादी बिनचूक उतरली. नव्या संचासाठी पैसे साठवणे चालू आहे. तो आला तरी जुना संच टेबलावरून हलणार नाही, कारण त्याचे झाकण उघडले की प्रत्येक भागाचे काम बोट ठेवून दाखवता येते.

स्वाध्याय : ३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आंदोलकाचे वेटोळे तापून त्याचे प्रवर्तन ०.०१ टक्क्यांनी वाढले. कंप्रता किती हर्ट्झने बदलेल? वाढेल की घटेल? उत्तर काढून आपल्या शिक्षकांना दाखवा.