मोठ्या माशांचे सोबती

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या संथ पाण्यात ‘ऑस्कर’ नावाचा एक मासा राहतो. काळसर अंगावर नारिंगी रंगाची वेडीवाकडी नक्षी, शेपटीच्या मुळाशी नारिंगी कड्याने वेढलेला डोळ्यासारखा काळा ठिपका आणि चेहऱ्यावर काहीसा विचारी भाव, असे त्याचे रूप असते. आपल्याकडील धरणांत सापडणारा व बाजारात ‘चिलापी’ म्हणून विकला जाणारा तिलापिया हा याच कुळातील मासा होय. तिलापिया १९५२ साली खाण्यासाठी भारतात आणला गेला. ऑस्कर मात्र शोभेसाठी आला. शोभिवंत माशांच्या दुकानात त्याची दोन-तीन इंच लांबीची पिले काचेशी येऊन पाहणाऱ्याकडे टकमक बघत असतात आणि बोट फिरवावे तिकडे वळतात. ती पाहून कोणासही मोह पडावा यात नवल नाही. मग त्यांच्याबरोबर आणखी चार-सहा रंगीत मासे घेतले जातात आणि सारी मंडळी एकाच काचेच्या पेटीत राहावयास येतात. काही महिन्यांनी पाहावे, तो पेटीत ऑस्कर तेवढा उरलेला असतो.

या प्रकाराचा दोष ऑस्करकडे जात नाही. नदीत मासा आपला शेजार स्वतः निवडतो. एखादा शेजारी नकोसा झाला, तर तो दूर निघून जातो. मोठा मासा अंगावर आला, तर मुळ्यांच्या जाळीत लपतो. पेटीत चार हातांवर काच आडवी येते. तेथे शेजारी कोण असावा हे मासा ठरवीत नाही, पेटीचा मालक ठरवितो. आणि त्या निवडीवर कित्येक मुक्या जीवांचे जगणे-मरणे अवलंबून असते. म्हणून ही निवड रंग पाहून करून चालत नाही.

पहिली गोष्ट अशी की, दुकानातील मासा हा बहुधा बालक असतो. ऑस्करला अन्न व पाणी चांगले मिळाले, तर आरंभी तो महिन्याला सुमारे एक इंच वाढतो आणि पूर्ण वाढल्यावर १२ इंचांच्या आसपास पोहोचतो. ३ इंचांचा मासा १२ इंचांचा झाला, म्हणजे तो चौपट झाला, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्याची केवळ लांबीच चौपट होत नाही. उंची आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढते. चार गुणिले चार गुणिले चार केल्यास ६४ येतात. म्हणजे वजनाने तो सुमारे चौसष्टपट होतो, आणि त्याचे खाणे व त्याची घाण हीही वजनाच्या मागोमाग वाढतात. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया हा विषारी पदार्थ सतत पाण्यात उतरत असतो. पेटीतील गाळणीत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. पण पाणी थोडे आणि मासे मोठे असले, तर या जंतूंचीही मात्रा चालत नाही.

एकट्या ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच एवढी पेटी लागते. तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी मावते. सोबती ठेवावयाचे असतील, तर रुंदी व उंची दोन-दोन फूट तरी हवी. तेव्हा पाणी ४५० लिटरांवर जाते. ४५० लिटर पाणी म्हणजे ४५० किलोग्रॅमचा भार, हेही आधीच ध्यानात घ्यावे. घरातील साधे टेबल तो पेलीत नाही. हा हिशेब ज्यास झेपत नसेल, त्याने मोठ्या माशाच्या वाटेस जाऊ नये हेच बरे. ‘रेडटेल’ नावाच्या तांबड्या शेपटीच्या मिशाळ माशाचे पिलूही बोटाएवढेच असते, परंतु तो तीन फुटांहून अधिक वाढतो आणि वाटेत भेटेल त्यास गिळतो. असे पिलू विकताना विक्रेत्याने त्याचे भविष्य सांगितलेच पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आता तोंडाकडे वळू. माशाला हात नसतात. एखादी वस्तू खाण्याजोगी आहे की नाही, हे तो तोंडात घेऊनच पाहतो. आणि जे तोंडात मावते ते बहुधा पोटातही जाते. ऑस्कर भक्ष्यापाशी हळूच येतो, एकाएकी जबडा पुढे काढतो आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. गप्पी, निऑन टेट्रा असले चिमुकले मासे त्याच्या पेटीत सोडणे म्हणजे त्याला खाऊ घालणेच होय. यात एक फसगत होते. पिलू लहान असताना त्याचे तोंडही लहान असते, त्यामुळे सारे गुण्यागोविंदाने राहतात आणि मालकास वाटते की, यांची दोस्ती जमली. पुढे तोंड वाढते, आणि कालचा शेजारी आजचा घास होतो.

सोबती जवळजवळ बरोबरीच्या आकाराचा असावा, हा नियम यातून निघतो. परंतु आकार म्हणजे केवळ लांबी नव्हे. सडपातळ अंगाचा पाच इंचांचा मासा मोठ्या ऑस्करच्या घशात सुखाने उतरतो. तेवढ्याच लांबीचा ‘सिल्व्हर डॉलर’ मात्र उतरत नाही, कारण त्याचे अंग बंद्या रुपयासारखे चपटे, उभट आणि गोल असते. त्याची उंची हीच त्याची ढाल. याच्या उलट प्रकार ‘पिक्टस’ या ठिपकेदार मिशाळ माशाचा. त्याच्या परांना ताठ, टोकदार काटे असतात. आपल्याकडील शिंगाळा माशाचा काटा ज्याने अनुभवला आहे, त्याला याची कल्पना येईल. ऑस्करने त्याला गिळावयाचा प्रयत्न केला की तो काटे पसरतो आणि घशात अडकून बसतो. गिळणारा आणि गिळला जाणारा असे दोघेही मग दगावतात.

पाण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे उबदार पाणी मानवते. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा आहे. आफ्रिकेतील मलावी सरोवरातील निळे-पिवळे मासे ऑस्करच्याच कुळातले असले, तरी त्यांचे पाणी कठीण व क्षारयुक्त असते, तर ॲमेझॉनचे पाणी मृदू असते. कूळ एक असले तरी बिऱ्हाड एक होऊ शकत नाही, ते असे.

पेटीत मजलेही असतात. ‘अरोवाना’ हा रुपेरी, तलवारीसारखा लांब मासा पृष्ठभागालगत फिरतो. त्याचे तोंड वरच्या बाजूस उघडते. ॲमेझॉनकाठी तो पाण्याबाहेर उसळी मारून फांदीवरचे किडे टिपतो. त्याच्या पेटीवर जड झाकण नसेल, तर सकाळी तो जमिनीवर सापडावयाचा. ऑस्कर मधल्या थरात राहतो. ‘प्लेको’, ज्याला आपल्याकडे सकर मासा म्हणतात, तो तळाशी दगडाला चिकटून असतो. त्याच्या पाठीवर हाडांच्या तकट्यांचे चिलखत असल्याने ऑस्करच्या धडका त्याला फारशा बाधत नाहीत. निरनिराळ्या मजल्यांवर राहणारे मासे एकमेकांच्या वाटेत कमी येतात. तथापि अरोवाना दोन-तीन फूट वाढतो. त्याला वळता येईल अशी पेटी मिळावयाची नसेल, तर मजल्यांचा हिशेब व्यर्थ आहे.

यापुढची बाब स्वभावाची. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रवाळातील माशांच्या भांडणांविषयी लिहिले आहे. मासा सर्वांत जास्त चवताळतो तो आपल्याच जातीच्या माशावर, असे त्यांना दिसून आले. विचार केला म्हणजे यातील मर्म कळते. ज्याचे अन्न वेगळे व घर वेगळे, त्याच्याशी तंटा कशाचा? खरा प्रतिस्पर्धी तोच, ज्याला नेमके तेच अन्न आणि तीच जागा हवी असते. म्हणून ऑस्करचा सोबती आकाराने जोडीचा, पण रूपाने व चालीने निराळा असावा. ‘बिचारा एकटा आहे’ म्हणून दुसरा ऑस्कर आणून सोडणारे पुष्कळ असतात. नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. दोघे नर निघाले आणि पेटी अपुरी असली, तर दुबळ्याचे पर फाटतात, तो कोपऱ्यात जाऊन बसतो आणि अन्न सोडतो.

या सर्व कसोट्यांवर सिल्व्हर डॉलर बराच उतरतो. तो दक्षिण अमेरिकेतलाच, तेव्हा पाणी जुळते. तो सहा इंचांच्या आसपास वाढतो आणि मुख्यतः वनस्पती खातो, तेव्हा अन्नासाठी झगडा नाही. पेटीतील झाडे तो फस्त करतो, हे खरे. पण ऑस्कर ती आधीच उपटून टाकीत असल्यामुळे त्यात नवे नुकसान नाही! त्याला पाच-सहांच्या थव्याने ठेवावे, एकेकटा तो भेदरतो. या थव्याचा आणखी एक उपयोग होतो. मोठे मासे अंगाने धिप्पाड असले तरी मनाने भित्रे असतात. नवीन जागी आणलेला ऑस्कर पुष्कळदा तळाशी आडवा पडून राहतो. अशा वेळी समोरून एखादा थवा निर्धास्तपणे पोहत गेला, तर आसपास शत्रू नाही अशी त्याची खात्री पटते आणि तो बाहेर येतो. त्या थव्याला कोठे जावे, काय करावे हे शिकवावे लागत नाही. त्याचे नुसते असणे पुरते.

योग्य सोबती आणला तरी तो एकदम पेटीत सोडू नये. तीन-चार आठवडे त्याला वेगळ्या पेटीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी. मग जुन्या रहिवाशास पोटभर खाऊ घालावे आणि पेटीतील दगड व लाकडे यांची जागा बदलावी. असे केल्याने कोणता कोपरा आपला, हे जुन्या माशासही नव्याने ठरवावे लागते आणि पाहुण्याला थोडी उसंत मिळते. त्या रात्री पेटीवरील दिवा लावू नये. पुढील काही दिवस परांची टोके फाटलेली दिसतात काय, एखादा मासा सतत पाठलाग चुकवीत असतो काय, हे बारकाईने पाहावे. भोके पाडलेली एक काच जवळ तयार ठेवावी. भांडण विकोपास गेले, तर ती मध्ये बसवून पेटीचे दोन भाग करता येतात.

एवढे करूनही काही वेळा जमत नाही. मग मासा दुकानदारास परत द्यावा किंवा मोठी पेटी बाळगणाऱ्या जाणत्या माणसाकडे सोपवावा. पुष्कळ लोकांना याहून सोपा मार्ग सुचतो. पिशवी उचलावयाची आणि जवळच्या नदीत किंवा तलावात रिकामी करावयाची. माशाला सोडविल्याचे पुण्यही पदरी पडले, असे त्यांना वाटते. २०२३ साली काश्मीरमधील दल सरोवरात मगरीसारख्या तोंडाचा ‘ॲलिगेटर गार’ नावाचा उत्तर अमेरिकेतला मासा सापडला. हा मासा सहा फुटांहूनही मोठा होऊ शकतो. सकर माशाची गोष्ट याहून मोठी आहे. पेटीतील शेवाळ खाण्यासाठी आणलेला हा मासा एक-दीड फूट वाढल्यावर अनेकांना नकोसा झाला. आज पश्चिम बंगाल, आंध्र प्रदेश, केरळ या राज्यांतील नद्या-तलावांत त्याची वस्ती झाली आहे. तो काठाच्या मातीत बिळे पाडतो. कोळ्यांच्या जाळ्यात सापडला की त्याच्या खरखरीत चिलखताने जाळी फाटतात, आणि बाजारात नेला तर त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.