लघुशक्ती दूरदर्शन केंद्र आणि आपला किनारा

आपल्या गावातील जुन्या कौलारू घरांवर अजूनही कोठे कोठे माशाच्या काट्यासारखी दिसणारी ॲल्युमिनियमची अँटेना गंजलेल्या नळीवर उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. ती कशासाठी होती, असे विचारल्यास तुमच्यापैकी पुष्कळांस सांगता यावयाचे नाही. परंतु तुमच्या आईवडिलांस विचारा, म्हणजे त्यांच्या मुखावर हसू उमटेल. माझ्या लहानपणी वडील कौलांवर चढून ती नळी तसूतसूने फिरवीत आणि आम्ही मुले खिडकीशी उभी राहून "आले!" "गेले!" असे ओरडत असू. पडद्यावर कधी चित्र येई, कधी नुसत्या मुंग्या येत. चित्र येणे अथवा न येणे हा आम्ही दैवाचा खेळ समजत होतो. तो दैवाचा नसून गणिताचा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी, पदार्थविज्ञान शिकताना समजले. ते गणित प्रथम पाहू.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतर आपल्या देशातील हे दुसरे केंद्र होय. वरळी येथील त्याचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. दूरदर्शनाच्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर वाटोळी. तेव्हा काही अंतरानंतर लहर वरून निघून जाते व गाव पृथ्वीच्या कुशीआड दडून राहते. हे अंतर काढण्याची रीत सोपी आहे. मनोऱ्याच्या उंचीचे मीटर घेऊन त्यांचे वर्गमूळ काढावे, आपल्या अँटेनेच्या उंचीचेही वर्गमूळ काढावे, दोहोंची बेरीज करून तीस ४.१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरांत येते. ३०० चे वर्गमूळ सुमारे १७.३. अँटेना ९ मीटर उंच असली, तर तिचे वर्गमूळ ३. बेरीज २०.३, गुणाकार सुमारे ८३ किलोमीटर.

आता नकाशा उघडा. वरळीपासून अलिबाग सरळ रेषेने सुमारे ४० किलोमीटर, आणि मधला बराचसा भाग पाण्याचा. म्हणून अलिबागकरांस मुंबईचे चित्र लख्ख दिसे. मुरूड सुमारे ७५ किलोमीटर, म्हणजे अगदी काठावर, आणि त्यातही मध्ये फणसाडचे डोंगर आडवे. श्रीवर्धन तर ११० किलोमीटरांच्या आसपास. तेथे कोणी कितीही वेळ कौलांवर चढून बसला, तरी व्यर्थ! तेथून पुढे दक्षिणेस, तसेच घाटाच्या पायथ्याशी डोंगरांच्या खोबणींत वसलेल्या गावांची हीच गत होती.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अलिबागेस जी प्रसिद्ध चुंबकीय वेधशाळा आहे, ती १९०४ साली स्थापन झाली. तत्पूर्वी हे काम कुलाब्यास चालत असे. परंतु मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागणार असे दिसताच, त्या विजेचा उपसर्ग सूक्ष्म चुंबकसूचीस होऊ नये म्हणून वेधशाळा खाडीपलीकडे आणावी लागली. म्हणजे शास्त्रज्ञ मुंबईची वीज पोहोचू नये म्हणून ज्या किनाऱ्यावर आले, त्याच किनाऱ्याचे लोक पाऊणशे वर्षांनी मुंबईची लहर पोहोचावी म्हणून कौलांवर चढत होते. असो.

जेथे मोठ्या केंद्राची लहर पोहोचत नाही, तेथे काय करावे? त्याचे उत्तर म्हणजे लघुशक्ती प्रक्षेपक. मोठ्या केंद्राची शक्ती सामान्यतः १० किलोवॅट असे. लघुशक्ती केंद्राची १०० वॅट, म्हणजे आपल्या जुन्या काळच्या एका मोठ्या दिव्याइतकी. एवढ्याशा शक्तीवर भोवतालच्या पंधरा-वीस किलोमीटरांत चित्र दिसे, ही मला अद्यापिही नवलाची गोष्ट वाटते. अशा केंद्रावर फार सामग्री नसे. एक मोठी तबकडी आकाशाकडे तोंड करून ठेवलेली, यंत्रांची एक खोली, एक मनोरा, वीज गेल्यास उपयोगी पडावे म्हणून एक जनित्र आणि पाळीपाळीने बसणारे थोडे तंत्रज्ञ. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडून येणारी क्षीण लहर तबकडीने गोळा करावयाची, तिची शक्ती वाढवावयाची, आणि मनोऱ्यावरून ती गावास वाटावयाची, एवढेच त्याचे कार्य.

हा उपग्रह म्हणजे इन्सॅट १-ब. तो ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून सोडण्यात आला. त्याच्या आधीचा इन्सॅट १-अ १९८२ साली काही महिन्यांतच निकामी झाला होता; म्हणून ह्या दुसऱ्याकडे सर्वांचे डोळे लागले होते. तो नीट चालू लागताच १९८४ साली सरकारने जी घाई केली, तिला तोड नाही. त्या वर्षी काही महिने देशात जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता.

पण घाईत एक गोष्ट राहून गेली, आणि तीच मला विशेषेकरून सांगावयाची आहे. उपग्रहावरून जे येई ते दिल्लीचे. त्यामुळे ज्या गावांस केवळ लघुशक्ती केंद्राचाच आधार होता, त्यांस आरंभीची काही वर्षे दिल्लीचाच कार्यक्रम पाहावा लागे. अलिबागचा शेतकरी मुंबईचे 'आमची माती आमची माणसं' पाही; आणि त्याच जिल्ह्यात डोंगराआड राहणारा त्याचा आप्त, ज्याच्या गावाजवळ प्रत्यक्ष मनोरा उभा होता, तो मात्र आपल्या भाषेतील एक शब्दही ऐकू शकत नसे. मराठी कार्यक्रम उपग्रहावरून लहान केंद्रांस पुरविण्याची व्यवस्था मागाहून झाली. आमच्या गावातील वृद्ध स्त्रिया तोवर हिंदी बातम्या मोठ्या भक्तिभावाने ऐकत. त्यांतील त्यांस काय कळे, हे त्यांनाच ठाऊक!

ह्याहून मोठी उणीव अशी की, ह्या केंद्रावर ना चित्रण करणारा कॅमेरा, ना बोलणारा निवेदक. पोपट शिकविलेलेच बोलतो. हे केंद्रही तसेच. अमेरिकेत १९८२ साली लघुशक्ती केंद्रांचा जो वर्ग सरकारी नियमांनी निर्माण झाला, त्यातील केंद्र एखाद्या राष्ट्रीय जाळ्याशी संलग्न राहून त्याचे कार्यक्रम दाखवी आणि मनात आणल्यास मधल्या वेळी गावातील सभा, शाळेचे सामने वा हवेची वार्ता स्वतःही सांगू शके. असे आपल्याकडे होणे अशक्य होते असे म्हणावे, तर गुजरातेतील खेडा जिल्ह्याचे उदाहरण समोर आहे. तेथे पीज नावाच्या गावी १९७५ साली अवघ्या एक किलोवॅटचे केंद्र उभारण्यात आले. दूरदर्शनच्या कार्यक्रमांबरोबर अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील मंडळी तेथून खेड्यातील लोकांसाठी खास गुजराती कार्यक्रम दाखवीत. शेतमजुरांची मजुरी, अस्पृश्यता, सावकारी असले अवघड विषय त्यांत येत आणि पुष्कळदा गावकरीच त्यांत काम करीत. १९८४ साली ग्रामीण संज्ञापनाबद्दल त्यास युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ते बंद झाले. लोकांनी विरोध केला, तरी प्रक्षेपक हलविला गेला.

आपल्या किनाऱ्यास बोलणाऱ्या केंद्राची खरोखर गरज होती काय, अशी शंका कोणी घेईल. त्याने ता. ३ जून २०२० हा दिवस आठवावा. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने श्रीवर्धन-दिवेआगराजवळ किनाऱ्यास लागले. वादळ येणार ही सूचना हवामान खात्याने वेळेवर दिली होती, हे कृतज्ञतापूर्वक सांगितले पाहिजे. परंतु वादळ गेल्यावर काय? नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब उन्मळले, भ्रमणध्वनी मुके झाले. दहा किलोमीटरांवरील गावात आपली बहीण सुखरूप आहे किंवा नाही, हे कळावयास मार्ग नव्हता. रस्ता कोणता मोकळा, पाण्याचा टँकर कोठे, पत्रे कोठे मिळतात, हे मुंबईहून वा दिल्लीहून कोण सांगणार? ते सांगावयास पंधरा किलोमीटरांत ऐकू जाणारा आवाज पुरेसा होता. आता, त्या वाऱ्यात मनोराही पडला असता, असे आमचा एक विद्यार्थी वर्गात म्हणाला. म्हणणे खरे आहे. पण १०० वॅटचे यंत्र लहान जनित्रावर चालते, आणि पडलेला लहान मनोरा मोठ्याहून लवकर उभा करता येतो.

पण २०२० पर्यंत ह्या केंद्रांचे दिवस सरत आले होते. २००४ साली दूरदर्शनने घरोघरच्या लहान तबकडीवर थेट उपग्रहावरून कार्यक्रम देण्याची विनामूल्य सेवा सुरू केली. मग मधला वाटप करणारा कोणास हवा? जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत गेले, आणि मार्च २०२२ अखेर मोक्याच्या ठिकाणची थोडी सोडून उरलेलेही बंद करावयाचे ठरले.

विद्यार्थ्यांनी सुटीत एवढे करावे. नकाशावर आपले गाव व वरळी ह्यांतील अंतर मोजावे आणि वर दिलेल्या रीतीने आपल्या कौलांवर मुंबई दिसावयास अँटेना किती उंच हवी होती, ते काढावे. उत्तर आले म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे की, प्रत्यक्षात त्यांनी नळी किती फूट चढविली होती आणि चित्र आले ते कोणत्या साली. श्रीवर्धनकडील मुलांचे उत्तर चमत्कारिक येईल. ते चुकले असे समजून खोडू नये, तसेच घेऊन यावे.